मान कोणाला, तंगडी कोणाला?

परमेश्वराने कोंबडीला दोनच तंगड्या दिल्या आणि मराठी कुटुंबाला आप्तेष्ट मात्र अगणित दिले, यातच घरोघरच्या सामिष पंगतींतल्या कुरबुरींचे मूळ आहे. बोकडाचे तसे नाही. मटणाचे तुकडे एकदा रश्श्यात पडले की कोणता कुठला हे जाणत्यालाच कळते. वाढणाऱ्याने डाव फिरवला की ज्याच्या नशिबी जे असेल ते पानात पडते. कोंबडीचा मात्र प्रत्येक अवयव ताटात ओळखू येतो. तंगडी कोणाच्या पानात गेली, छातीचा तुकडा कोणाला मिळाला आणि पंख कोणाच्या वाट्याला आला, हे शेवटच्या पाटावर बसलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही दिसते. तेव्हा एखाद्या घरातली थोर-धाकट्यांची उतरंड समजून घ्यायची असेल तर वंशावळ उलगडण्याचे कारण नाही. त्या घरी कोंबडी कशी वाढतात ते एकदा पाहावे.

आम्हा बडोदेकरांच्या जुन्या घरांविषयी तर हे विशेष खरे आहे. गायकवाडांनी १७३४ साली बडोदे घेतले, आणि पुढे पिढ्यानुपिढ्या शिलेदार, कारकून, वैद्य, पुराणिक अशी नाना तऱ्हेची मराठी माणसे इथे येऊन स्थायिक झाली. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, १९७४ साली शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. आमच्या तोंडी ते बडोदेच राहिले. शेजार गुजराती, बाजार गुजराती, तोंडात सिंगतेल आणि शेव-उसळ हे शब्द सहज येणारे. परंतु देवघरात खंडोबाचा टाक आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सामिष जेवण, हे ज्या घरांचे नेम होते त्यांनी ते सोडले नाहीत. शाकाहारी शेजाराची भीड राखून ते पाळायचे, एवढेच. कोंबडी घरी यायची ती कापडी पिशवीच्या तळाशी, आणि वर कोथिंबिरीची जुडी. पिशवीत काय आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असे, आणि ठाऊक नसल्याचे सौजन्यही सगळी आळी पाळत असे.

मी १९६८ साली लग्न होऊन दांडिया बाजारामागच्या या घरात आले तेव्हा कोंबडीला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. मटण चुलीवर शिजे, मासे तळले जात, पण कोंबडी आणि अंडी मागच्या अंगणात. का, असे विचारले तर "पूर्वीपासून" एवढेच उत्तर मिळे. अंगणातल्या त्या प्रवासाला एक वेगळी शेगडी, एक वेगळे पातेले आणि एक वेगळा डाव असे. सासूबाईंना आम्ही माई म्हणत असू. त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठत आणि दुपारपर्यंत त्या शेगडीपुढून हलत नसत.

त्यांची पद्धत खाली-वर विस्तवाची. भट्टी घरात कोणाच्याच नव्हती. दिवाळीपूर्वी नानकटाईचे ताट डोक्यावर घेऊन बेकरीत जाण्याची चाल होती खरी, पण त्या भट्टीत आमची कोंबडी कोण घेणार? म्हणून घरच्या घरी भट्टी उभी करायची. कोंबडी स्वच्छ करून आणायची, तिला मीठ, हळद, आले-लसणाचे वाटण आणि दह्यातला मसाला चोळून तीन-चार तास मुरत ठेवायचे. दही आंबट, तेव्हा पितळेशी त्याचे वैर. कल्हई जरा उडालेली असली तर दही कळकते. त्यामुळे मुरवण्यासाठी चिनी मातीचा मोठा सट ठरलेला असे, आणि शिजवण्याच्या पातेल्याला दिवाळीच्या आधी कल्हई होतच असे. पातेल्यात कोंबड्या मांडल्या की वर जड झाकण, झाकणाच्या कडेला भिजवलेल्या कणकेचा लेप, खाली मंद कोळसे आणि झाकणावर फुललेले निखारे. खालचा विस्तव मांस शिजवतो, वरचा ते खमंग करतो. निखाऱ्यांवर राख साचली की ती झटकायची, विझू आले की नवे ठेवायचे, खालून करपल्याचा वास आला की पातेले उतरवायचे. हे सगळे कानाने आणि नाकाने, कारण झाकण उघडून पाहायची सोय नाही. चव अशी की आजही तिची आठवण निघते. मात्र ती चव जिच्या जिवावर उभी होती तिला त्या वेळी बसायला पाट नव्हता.

कारण पंगती दोन. पहिली पुरुषांची आणि मुलांची, दुसरी बायकांची. आम्ही सगळे जमलो की चौदा पाने होत. मामंजी, यजमान, दोघे भावोजी, दोघी वन्सं आणि त्यांचे दोघे जावईबापू, माई, आम्ही दोघी जावा आणि तीन मुले. कोंबड्या तीन. म्हणजे तंगड्या सहा. त्यातली पहिली मामंजींची, पुढच्या दोन जावईबापूंच्या, कारण जावयाला पंख वाढला तर वर्षभर ऐकून घ्यावे लागे. उरलेल्या तीन घरच्या मुलग्यांच्या. काळीज लहान मुलांना. छातीचे तुकडे आग्रहाच्या दुसऱ्या फेरीत संपत. मग पातेल्याच्या तळाशी जे राही ते दुसऱ्या पंगतीचे : पाठी, पंख, माना आणि मसाला. त्यातही पंख वन्संना, माहेरवाशिणी म्हणून. पाठी आम्हा दोघींना. आणि मान माईंची. त्या म्हणत, "मला मानच आवडते. तिला चव असते." चव असते हे खरे आहे. पण पन्नास वर्षे दुसरे काही पानात आले नाही, त्या माणसाच्या आवडीवर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाही येत असे.

आमच्या घरी ही व्यवस्था कोणाच्या भाषणाने किंवा भांडणाने बदलली नाही. ती एका भट्टीने बदलली, आणि म्हणूनच हा विषय लिहावासा वाटला.

ज्या १९४९ साली संस्थान गेले त्याच साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ आले. श्रीमती हंसा मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या पुढाकाराने इथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. आरंभी तिची थोडी चेष्टाही झाली. स्वयंपाक का कोणी कॉलेजात शिकतो, असे म्हणणारे आमच्या आळीतही होते. माझी धाकटी जाऊ त्या विद्याशाखेची पदवीधर. ती घरात आली तेव्हा तिच्याबरोबर दागिन्यांपेक्षा वह्या जास्त होत्या, असे वन्सं म्हणत. १९७५ च्या सुमारास तिने हट्टाने एक गोल विजेचा ओव्हन घरात आणला. वाचकांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर तो अजून असेल. ॲल्युमिनियमचा डबा, घुमटासारखे झाकण आणि झाकणाच्या मध्यावर काचेची लहानशी खिडकी. तापमानाचा काटा त्याला नव्हता. जाऊबाई आत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून घड्याळ बघे. तो किती वेळात तांबूस होतो यावरून भट्टी मंद की कडक हे ती सांगे. माईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचे नाकच की, फक्त कागदाचे केले."

फ्रिज दोन वर्षे आधी आलेला होता. या दोन वस्तू एकत्र आल्या आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचे सगळे वेळापत्रक उलटे झाले. मसाला आदल्या रात्री लागला. रात्रभर कोंबडी फ्रिजमध्ये मुरली. सकाळी ती ताटात मांडून ओव्हनमध्ये गेली, आणि त्यानंतर पाऊण-एक तास तिच्यापुढे बसून राहण्याचे कोणालाच कारण उरले नाही. निखारे झटकायचे नाहीत, राख काढायची नाही. माई दोनदा अंगणात जाऊन आल्या. हातांना काय करावे ते कळेना.

त्या दिवशी जाऊबाईने आणखी एक गोष्ट केली. तिने कोंबड्या अख्ख्या ठेवल्या नाहीत. प्रत्येक तंगडी सांध्यात कापून मांडी वेगळी केली. तीन कोंबड्यांच्या सहा तंगड्या आणि सहा मांड्या, असे बारा चांगले तुकडे झाले. दोघांना छातीचाच तुकडा हवा असे. त्यातले एक जुम्मादादा व्यायाममंदिरात रोज जाणारे थोरले भावोजी, त्यांना चरबीचे वावडे. बारा अधिक दोन, चौदा. चौदा पानांचा जो हिशेब तीन पिढ्यांना जमला नव्हता तो एका सुरीने जमला. मग ताटे मांडताना ती सहज म्हणाली, "सगळ्यांचीच पाने मांडते. आता वाढायला उभे राहण्यासारखे काही नाही." मामंजींनी वर पाहिले, पण हरकत घ्यायला जागा नव्हती. वाढप्याच्या नावाने ज्यांना उभे ठेवायचे तेच काम संपले होते.

पाने मांडली. जाऊबाईने भट्टीतले ताट मध्ये ठेवले आणि पहिल्यांदा माईंना विचारले, "माई, तुम्हाला काय वाढू?"

माई गोंधळल्या. पंगतीत बसून असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. सवयीने म्हणाल्या, "मला आपली मान दे गं."

"मानच देते आहे," असे म्हणून जाऊबाईने त्यांच्या पानात तंगडी वाढली.

कोणी हसले नाही. मामंजींनी काही न बोलता आपल्या पुढ्यातली लिंबाची फोड माईंच्या पानाकडे सरकवली. माईंनी तंगडीचे अर्धे मांस सोडवून बाजूला ठेवले, नातवंडांसाठी. धाकटी नात म्हणाली, "आजी, आम्हाला आहे की." तेव्हा त्यांनी ते खाल्ले. एवढेच झाले. पण त्या वर्षापासून आमच्या घरी दुसरी पंगत बसली नाही.

हे सांगण्याचा हेतू असा, की मसाला लावून भट्टीत भाजलेली कोंबडी हा जेवढा चवीचा पदार्थ आहे तेवढाच तो वेळेचा पदार्थ आहे. रश्श्याचे, तळणाचे, पोळ्यांचे कष्ट जेवणाच्या ऐन वेळी येतात. हिचे कष्ट आदल्या रात्री संपतात. जिने केले तिला जेवायला बसता येते, हा हिचा सर्वांत मोठा गुण आहे. एरवी कौटुंबिक मेळाव्यात सर्वांत कमी मेळावा जिच्या वाट्याला येतो ती यजमानीणच.

आता कृती. कित्येक वर्षांच्या सरावाने जे पक्के झाले ते सांगते, आणि का, तेही सांगते. कारण का हे कळले की माप थोडे चुकले तरी पदार्थ चुकत नाही.

पहिली गोष्ट कोंबडीची. माईंची कोंबडी गावरान होती. अंगणात फिरलेली, घट्ट अंगाची. तिला पुष्कळ वेळ आणि मंद विस्तव लागे. सत्तरनंतरच्या काळात ब्रॉयलर कोंबडी सगळीकडे पसरली. ती सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येते, मांस कोवळे असते. तिला गावरानाचा वेळ दिला तर तिचा चोथा होतो. तेव्हा जुन्या वहीतला वेळ नव्या कोंबडीला लावू नये. पुढली मापे ब्रॉयलरची आहेत. मेळाव्यासाठी अख्ख्या कोंबडीचा सोस सोडावा, तंगड्या आणि मांड्याच घ्याव्या. आता त्या दुकानात वेगळ्याही मिळतात. यात समतेखेरीज आणखी एक लाभ आहे. तंगडीचे मांस चालून-फिरून घट्ट झालेले, त्यात चिकट धागे आणि चरबी जास्त. ते जरा जास्त वेळ भट्टीत राहिले तर बिघडत नाही, उलट मऊ होते. छातीचा तुकडा दहा मिनिटे जास्त राहिला की सुकतो. इंदूरहून, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची गाडी उशिरा यायचीच. तंगडी तो उशीर पोटात घालते.

दुसरी गोष्ट धुण्याची. आमच्या पिढीला कोंबडी नळाखाली खळखळून धुतल्यावाचून चैन पडत नसे. त्याने जंतू जात नाहीत, उडालेल्या थेंबांबरोबर मोरीभर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. ते मरतात ते शिजताना. दुकानातून साफ करून आणावी, घरी कोरडी टिपून घ्यावी आणि मग हात, विळी, पाट साबणाने स्वच्छ धुवावे. कोरडी असली की मसालाही नीट धरतो.

तिसरी गोष्ट मिठाची. मुरणे मुरणे म्हणतात ते मुख्यतः मिठाचे काम आहे. आले, लसूण, गरम मसाला हे वरच्या थरापलीकडे फारसे जात नाहीत. मीठ मात्र रात्रभरात आतवर शिरते आणि मांसातला रस धरून ठेवते. म्हणून आधी नुसते मीठ चोळावे, हाडासकट एक किलोला दोन लहान चमचे. प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्या आणि चिरांतही मीठ लावावे. अर्धा तास तसेच ठेवून मग मसाला.

मसाल्याला दही नको, चक्का घ्यावा. दह्याचे पाणी भट्टीत सुटते आणि कोंबडी भाजण्याऐवजी उकडते. दही फडक्यात तीन-चार तास टांगले की काम झाले. किलोला एक वाटीभर चक्का पुरतो. त्यात दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, दोन-तीन लहान चमचे काश्मिरी मिरचीची पूड, अर्धा चमचा हळद, एकेक चमचा धने-जिऱ्याची भाजून केलेली पूड, पाव चमचा मिरी आणि दालचिनी, लवंग, वेलची यांची चिमूटभर पूड. त्यावर दोन मोठे चमचे सिंगतेल. तेल पाहिजेच. मसाल्याचा सुगंध पुष्कळसा तेलात उतरतो, आणि तेल नसेल तर वरचा चक्का कोरडा पडून करपतो. लाल रंग घालू नये. १९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीच्या दर्यागंजातल्या मोती महलने तंदुरी कोंबडी प्रसिद्ध केली, आणि तिच्या मागोमाग गावोगावच्या हॉटेलांतून रंगवलेल्या कोंबड्या आल्या. मुलांना तोच रंग खरा वाटू लागला. काश्मिरी मिरचीचा रंग घरच्या जेवणाला पुरेसा शोभतो.

लिंबू रात्रभर लावून ठेवू नये. त्याच्या आंबटाने वरचे मांस भुसभुशीत होते. भट्टीत घालण्याच्या तासभर आधी पिळावे. कच्ची पपई जून कोंबडीसाठी ठीक, ब्रॉयलरला लावली तर मांसाचा लगदा होतो. दह्याची आंबटाई सौम्य असते, ती रात्रभर चालते. ठेवायचे ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, झाकून, फ्रिजच्या खालच्या फळीवर, म्हणजे गळालेच तर दुसऱ्या अन्नावर गळायचे नाही. माई सट बाहेर ठेवत तो तीन-चार तासांचाच आणि मागोमाग निखारे लागत. रात्रभर बाहेर ठेवण्याचे धाडस आमच्या उन्हाच्या गावात करू नये.

भट्टी २०० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवावी. तुकडे एकमेकांना न चिकटता एका थरात मांडावे. दाटीवाटी केली की वाफ कोंडते. पाने जास्त असतील तर दोन ताटे करावी. तळाला बटाट्याच्या जाड फोडी आणि कांद्याची चाके अंथरली तर अंगचा रस त्यांत मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी लोक कोंबडीपेक्षा बटाट्याचीच आठवण काढतात. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. मध्यावर एकदा उलटावे, शेवटच्या पाच मिनिटांत वरून थोडे तूप लावावे. शिजले की नाही हे पाहायला काटा मिळतो तो घ्यावा. हाडाजवळ, हाडाला न टेकवता, ७४ अंश भरले की कोंबडी खाण्याला निर्धोक झाली, आणि तंगडी ८० च्या पुढे गेली की अधिक चांगली लागते. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही तांबूस झाक राहते, म्हणून रंगापेक्षा काटा खरा. बाहेर काढून दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. रस आत बसतो, आणि तेवढ्यात पोळ्या गरम होतात.

आता त्या चक्क्याविषयी दोन शब्द. आमची एक नातसून नागर घराण्यातली, अंडेसुद्धा न खाणारी. तिच्या माहेरची माणसेही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतात. त्यांच्यासाठी श्रीखंड. आदल्या दिवशी दोन फडकी टांगलेली असतात. मोठ्यातला चक्का केशर-वेलचीकडे जातो, लहानातला आल्या-लसणाकडे. भांडी वेगळी, चमचे वेगळे, फ्रिजची फळी वेगळी, आणि जेवणाचे टेबल एकच. तिने एकदा मला विचारले, "आजी, मी तुमच्या शेजारी बसले तर तुम्हाला तंगडी खायला संकोच वाटेल का?" मी म्हटले, "तुला पाहायला वाटत नसेल तर मला खायला कसला?" शेजार सांभाळून आपले राखणे आणि आपले राखून शेजार सांभाळणे, हे आम्ही बडोद्याच्या लोकांनी फार वर्षे केलेले आहे. ते घरातही जमते.

अलीकडे मुले म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? फोनवरून मागवू, हॉटेलातून गरम येईल, ज्याचा त्याचा डबा वेगळा. यात वाटणीचे भांडण नाही हे मी मान्य करते. परंतु वाटणीच नसली तर कोणाला काय आवडते हे कळण्याचे कारणही उरत नाही. भावोजींना छातीचा तुकडा हवा, थोरल्या वन्संना जरा करपलेली कड हवी, टोरांटोहून येणाऱ्या नातवाला तिखट कमी हवे, हे चौदा पानांचे ज्ञान कोणाच्या तरी डोक्यात राहिले पाहिजे. ते राहते तोवर कुटुंब आहे. आता आमची चौदाही पाने लागत नाहीत. मामंजी आणि माई गेले त्याला पुष्कळ वर्षे झाली, एक भावोजी गेले, मुले पुण्याला आणि परदेशी. गेल्या दिवाळीला सात पाने होती. सात पानांना सात तंगड्या आणल्या. हिशेब सोपा झाला, पण सोपा झाल्याचा आनंद झाला नाही.

जुनी पंगत परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. तिच्या खमंगपणाची किंमत कोण देत होते ते मी पाहिले आहे. माणसांनी एकत्र बसावे, आणि ज्यांनी केले त्यांनीही बसावे, एवढेच हवे. यासाठी आमच्या घरी एक नियम आहे, तो वाचकांनीही करून पाहावा. ताट मध्ये आले की ज्याने आदल्या रात्री मसाला लावला त्याने पहिला तुकडा उचलायचा. तो मुलगा असो, सून असो वा पंधरा वर्षांची नात. या नियमाचा एक अनपेक्षित गुण असा, की आता मसाला लावायला माणसे मिळतात.

आणि कोंबड्या अख्ख्या आणल्या असतील तर माना टाकून देऊ नयेत. आले, मिरी आणि एखादा कांदा घालून त्या तासभर मंद उकळाव्या. माई म्हणत ते खरेच आहे, मानेला चव असते. ते सार गाळून घ्यावे आणि जेवणाच्या आरंभी वाट्या भरून सगळ्यांना सारखे वाढावे.